पुढचा ब्रेक

टेबलावर वस्तू काढून ठेवल्यात. हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, जाड जीन्स, लांब बाह्यांचं जॅकेट आणि घोट्याच्या वर येणारे बूट. बूट ट्रेकिंगचे आहेत, राजगडाची माती अजून त्यांच्या खाचांत अडकलेली आहे. उद्या सकाळी सात वाजता मला इथे, कॅलिफोर्नियात, मोटरसायकल शिकायला जायचंय. पाच तास वर्गात, दहा तास मैदानावर. कोर्स नवशिक्यांचा आहे.

आईला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. "तुला काय शिकवणार ते? शाळेत असल्यापासून गाडी हाणतोयस."

खरं आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात, झेडपीच्या शाळेच्या मैदानावर, चुलत दादाने मला एका संध्याकाळी गाडी शिकवली. लायसन्स काढायच्या वयाच्या बऱ्याच आधी. त्याचा सगळा अभ्यासक्रम तीन वाक्यांचा होता. क्लच हळू सोड. बंद पडली तर घाबरू नको. आणि पुढचा ब्रेक दाबायचा नाही, पलटी खाशील. पुढे लायसन्सच्या परीक्षेत पाय न टेकवता आठचा आकडा काढून दाखवला आणि मी अधिकृतपणे 'येणाऱ्यां'मध्ये जमा झालो.

इथे एकविसाच्या आतल्यांना हा कोर्स सक्तीचा आहे. माझ्या वयाच्या माणसाला नाही, पण तो केला तर सरकारी परीक्षेत गाडी चालवून दाखवावी लागत नाही. मी नाव घातलं ते या कामचुकार हिशेबाने. मग कोर्सच्या आधी वाचायची पुस्तिका उघडली आणि ब्रेकच्या पानावर अडकलो. दर वेळी दोन्ही ब्रेक एकत्र वापरायचे, कारण गाडी थांबवण्याची जास्त ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, असं तिथे लिहिलं होतं.

गेला आठवडाभर मी या पानाच्या मागे मागे जात राहिलो. हे कोणाला कळलं, कसं कळलं, आणि आमच्या मैदानापर्यंत का नाही आलं? नुसतं कुतूहल असतं तर दोन रात्रींत संपलं असतं. पण दादाची ती तीन वाक्यं मी पुढे एका माणसाला शिकवली होती.

हेल्मेट

यादीतली पहिली वस्तू हेल्मेट, म्हणून इतिहासही तिथूनच सुरू करतो.

शर्यतीत हेल्मेट फार आधी आलं. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरचे डॉक्टर एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास आणि लाखेपासून टोप बनवून घेतले आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅन टीटी शर्यतीत ते सक्तीचे झाले. साध्या रस्त्यावर मात्र ते कोणी घालत नसे. शर्यत धोक्याची, रोजचा रस्ता ओळखीचा, अशी ती समजूत. आपल्याकडे ती आजही ठणठणीत आहे. "इथपर्यंत तर जायचंय" हे वाक्य हेल्मेट घरी ठेवताना आपण सगळ्यांनीच म्हटलेलं आहे.

१३ मे १९३५ रोजी टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला माहीत असलेला माणूस, डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळच्या रस्त्यावरून मोटरसायकलने येत होता. त्याची ब्रो सुपीरियर एसएस१०० ही तेव्हाच्या सगळ्यात वेगवान गाड्यांपैकी एक. समोर अचानक सायकलवरची दोन मुलं आली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी, १९ मे रोजी तो गेला. बघायला बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचा तरुण ऑस्ट्रेलियन मेंदूशल्यविशारद होता.

केर्न्सला त्यात काहीच करता आलं नाही. पण प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, ब्लॅकआउटमुळे ब्रिटनचे रस्ते अंधारात गेले, सैन्याचे निरोप्ये मोटरसायकलवरून रात्रीबेरात्री धावू लागले. ऑक्टोबर १९४१ मध्ये केर्न्सने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निबंध लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसलेले लोक मेले होते. हेल्मेट घालून पडलेल्यांची त्याला फक्त सात उदाहरणं सापडली. सातही जण वाचले होते.

सात हा आकडा काही फार मोठा नाही. आमच्या ऑफिसात एवढ्या डेटावर कोणी बटणाचा रंगही बदलणार नाही. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने ड्यूटीवरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. ब्रिटनमधल्या सामान्य लोकांवर ती सक्ती आली १९७३ मध्ये. केर्न्स १९५२ मध्येच वारला होता.

पण केर्न्सच्या काळातलं हेल्मेट म्हणजे मुख्यतः एक कडक कवच. आज आपण घालतो त्याची खरी कल्पना लॉस एंजेलिसमधल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातली. तिथले चार्ल्स लोम्बार्ड आणि हर्मन रॉथ यांना १९५३ मध्ये पेटंट मिळालं. कवचाच्या आत चेचला जाणारा थर घालायचा, म्हणजे डोकं एका क्षणात न थांबता किंचित जास्त वेळ घेऊन थांबतं आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. हा थर एकदाच चेचला जातो. एक मोठा मार खाल्ला की हेल्मेटचं काम झालं, मग ते बाहेरून कितीही चकचकीत दिसो.

ही ओळ वाचली आणि मी उठून पाणी प्यायलो. आमच्या हॉस्टेलवरचं एक हेल्मेट आठवलं. डाव्या बाजूने खरवडलेलं. ते त्या अपघातानंतर मी आणखी दोन वर्षं वापरलं.

लॉस एंजेलिसचे दोन सेकंद

त्याच विद्यापीठात पुढे हॅरी हर्ट नावाचा प्राध्यापक आला. माणूस मूळचा विमानांचा. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांसाठी त्याने लिहिलेलं वायुगतिकीचं पुस्तक वैमानिक अजूनही वाचतात. विमान पडलं की कोणाची चूक होती यावर भांडत न बसता, शेवटच्या काही सेकंदांत काय काय झालं ते तुकडा तुकडा जोडून काढायचं, ही त्या क्षेत्राची शिस्त. सॉफ्टवेअरवाल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. सर्व्हर पडला की आम्हीही असाच पंचनामा करतो.

हर्टने हीच शिस्त मोटरसायकलला लावली. सरकारी पैशातून १९७६-७७ मध्ये त्याच्या टीमने लॉस एंजेलिस परिसरात ९०० अपघातांच्या जागी स्वतः जाऊन तपास केला. टायरच्या खुणा मोजल्या, गाड्या पाहिल्या, हेल्मेटं तपासली, माणसांशी बोलले. शिवाय पोलिसांचे ३,६०० अहवाल चाळले. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, ते त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळेला परत गेले आणि तिथून धडपणे जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यांना थांबवून माहिती विचारली. पडलेल्यांचा अभ्यास करायचा तर न पडलेले कसे असतात तेही कळायला हवं.

अहवाल १९८१ मध्ये आला. त्यातले काही निष्कर्ष मी वहीत उतरवले आहेत.

सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झाले, आणि त्यांतल्या दोन तृतीयांश वेळा मोटरसायकलवाल्याचा जायचा हक्क समोरच्या गाडीने डावलला होता. नेहमीचा प्रसंग म्हणजे समोरून येणारी कार चौकात डावीकडे वळते. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळणारी गाडी तुमची वाट कापते. आपल्यासाठी हे आरशात बघितल्यासारखं उलटं करायचं: समोरून येऊन उजवीकडे वळणारी गाडी.

अपघाताच्या आधीचा मधला वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास होता. धोका उभा राहिल्यापासून धडकेपर्यंतचा वेळ साधारणपणे दोन सेकंदांपेक्षाही थोडा कमी. या वेगाने दोन सेकंदांत गाडी जवळजवळ २७ मीटर जाते. बघणं, ठरवणं, ब्रेक लावणं, वळणं हे सगळं तेवढ्यात बसवायचं.

आणि त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी काय केलं? मागचा ब्रेक जोरात दाबून मागचं चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. बाजूला काढून चुकवायचं कसब तर जवळपास कोणाकडेच नव्हतं.

शेवटचा आकडा ९२ टक्के. अपघातात सापडलेल्यांपैकी इतके जण गाडी आपली आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकले होते.

म्हणजे १९७६ च्या लॉस एंजेलिसमध्येही झेडपीचं मैदान होतं, आणि तिथेही दादा होता.

दादा चुकला का?

दादाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. गाडी थांबताना वजन पुढे सरकतं. पुढचं चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातं, म्हणून त्याची पकड वाढते. मागचं हलकं होतं, म्हणून ते चटकन लॉक होतं आणि घसरतं. कोरड्या डांबरावर ताशी ४८ च्या वेगाने नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबायला साधारण २५ मीटर लागतील, दोन्ही नीट वापरले तर त्याच्या निम्म्यात काम होईल. हा माझा कागदावरचा ढोबळ हिशेब आहे, पण दुपटीचा फरक गणितातून जात नाही.

मात्र दादाचा रस्ता डांबराचा नव्हताच. मुरूम, खडी, पावसाळ्यात चिखल. अशा जागी पुढचा ब्रेक कचकन दाबला तर पुढचं चाक घसरतं आणि माणूस सावरायच्या आत खाली असतो. मागचं चाक घसरलं तर निदान पाय टेकवायला थोडा वेळ मिळतो. त्याच्या रस्त्यावर त्याचा नियम कामाचा होता. गडबड अशी झाली, की पुढे रस्ता गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला, समोर डिस्क ब्रेक आला, आणि नियम मात्र तसाच राहिला. कोड लिहिणाऱ्या कोणालाही हे ओळखू येईल: ज्या कारणासाठी ओळ लिहिली ते कारण गेलं, ओळ राहिली, आणि आता ती काढायला सगळे घाबरतात.

पुढचा ब्रेक 'दाबायचा नाही' आणि पुढचा ब्रेक 'कचकन दाबायचा नाही' यांत एका शब्दाचा फरक आहे. तो शब्द आमच्या मैदानावर कुठेतरी सांडला.

वळण्याचंही तसंच. वेगात असताना गाडी उजवीकडे न्यायची तर हँडलची उजवी बाजू किंचित पुढे ढकलावी लागते, म्हणजे हँडल क्षणभर डावीकडे फिरतं, गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. ही गोष्ट आपण सगळे नकळत करतो आणि विचारलं तर उलटं सांगतो. विमान बनवण्याआधी सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राईटने हे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं होतं. एरवी नकळत चालून जातं. पण दोन सेकंदांत मोठं वाहन चुकवायचं असेल तर ते कळून, मुद्दाम, जोरात करता यायला हवं. हर्टच्या अपघातांत नेमकं तेच कोणाला येत नव्हतं.

रिकामं पार्किंग लॉट

शिकवण्याची रीतसर सोय करायचे प्रयत्न हर्टच्या आधीही झाले होते. ब्रिटनमध्ये १९४७ पासून मोटरसायकल प्रशिक्षणाची एक योजना होती. अमेरिकेत १९७३ मध्ये गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून 'मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन' काढलं. हर्टच्या अहवालानंतर मात्र काय शिकवायचं याचा पुरावाच हातात आला. कॅलिफोर्नियात १९८७ पासून हायवे पोलिसांच्या देखरेखीखाली राज्याचा कार्यक्रम चालतो. ब्रिटनने १९९० मध्ये नवशिक्यांना प्राथमिक प्रशिक्षण सक्तीचं केलं.

उद्याच्या मैदानावर काय असणार ते आता मला कागदावर माहीत आहे. रंगीत कोन, आखलेल्या रेघा, प्रशिक्षण केंद्राच्या छोट्या गाड्या. क्लच कुठे पकडतो ते शोधायचं. मग वळणं. मग ठरलेल्या रेघेपासून दोन्ही ब्रेक वापरून कमीत कमी अंतरात थांबायचं. मग अडथळा आहे असं समजून बाजूला काढायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे पोरखेळ वाटले होते. आता प्रत्येकामागे हर्टच्या फायलीतली माणसं दिसतात.

एक गोष्ट लपवणार नाही. असे कोर्स केल्याने अपघात कमी होतात का, हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१० च्या आढाव्यात, पुरावा इतका कच्चा आहे की ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असंच म्हटलंय. कोर्स करणारे मुळातच सावध असतील, किंवा दोन दिवसांचं प्रमाणपत्र मिळाल्यावर काहींची उगाच छाती फुगत असेल. हेल्मेटच्या बाबतीत असा संशय उरलेला नाही. त्याच संस्थेच्या २००८ च्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

तरी माणसं भांडतात. पुण्यात २०१९ च्या सुरुवातीला हेल्मेटसक्तीविरुद्ध निघालेले मोर्चे आठवत असतील. आपणच तसे आहोत असं मला वाटायचं. पण १९७५ पर्यंत अमेरिकेतल्या ४७ राज्यांत हेल्मेटचा कायदा होता, आणि १९७६ मध्ये केंद्राचा दबाव उठताच अनेक राज्यांनी तो काढून टाकला किंवा पातळ केला. कॅलिफोर्नियात सर्वांना सक्ती झाली ती १९९२ मध्ये.

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे चाक लॉक न होऊ देण्याचं काम आता यंत्र करतं. पण ज्या माणसाने पुढच्या ब्रेकला बोटच लावायचं नाही असं ठरवलंय, त्याच्यासाठी पुढचं एबीएस काय करणार?

एक काळी रेघ

आता ते सांगतो.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझा रूममेट मराठवाड्यातून आलेला. त्याला गाडी येत नव्हती आणि त्याची लाज वाटायची. मी शिकवली, माझ्या गाडीवर, कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर. क्लच हळू सोड. बंद पडली तर घाबरू नको. पुढचा ब्रेक दाबायचा नाही, पलटी खाशील. तो माझ्यापेक्षा चांगला विद्यार्थी होता. सांगितलेलं विसरायचा नाही.

चार महिन्यांनी, ऊसतोडीच्या दिवसांत, संध्याकाळी तो माझी गाडी घेऊन बाहेर गेला. हेल्मेट मी बळेच घालायला लावलं होतं. समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर आला आणि कारखान्याच्या फाट्याला उजवीकडे वळला. त्याच्या मागे दोन ट्रॉल्या. संपता संपत नाहीत त्या. तो ट्रॉलीच्या चाकाला जाऊन आदळला. डोकं वाचलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड बसला, गुडघा पुन्हा पूर्वीसारखा वाकला नाही. त्याचं एक वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला आम्ही गेलो तेव्हा इन्शुरन्ससाठी मी रस्त्याचा फोटो काढला होता. परवा तो जुन्या फोटोंत शोधला. डांबरावर एकच लांब, जराशी नागमोडी काळी रेघ आहे. मागच्या टायरची. पुढच्या चाकाची काहीच खूण नाही. तेव्हा सगळे म्हणाले, ट्रॅक्टरवाल्याची चूक. चूक त्याचीच होती. पण त्या रेघेत मला आता माझा आवाजही ऐकू येतो. त्याने मी सांगितलं तसंच केलं होतं.

दोन्ही ब्रेक वापरले असते तर तो वाचला असता, असं मी म्हणू शकत नाही. वेग किती होता, ट्रॉली किती अंतरावर होती, हे मोजायला आमच्या फाट्यावर कोणी हर्ट आला नव्हता. एवढंच म्हणू शकतो, की हे ज्ञान तेव्हा तीस वर्षं जुनं होतं, फुकट होतं, आणि माझ्याकडे नव्हतं. तरी मी शिकवायला उभा राहिलो.

मघाशी त्याला फोन केला. तो आता नांदेडला असतो, गिअर नसलेली स्कूटर चालवतो. मी सगळं सांगितलं: केर्न्स, हर्ट, फोटो, रेघ. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, तू नसतं शिकवलं तर दुसऱ्या कोणी तेच शिकवलं असतं." आणि थोड्या वेळाने, "आमचा भाचा मागं लागलाय या दिवाळीत गाडी शिकव म्हणून. मी टाळतोय. तू उद्या नीट लक्ष देऊन शिक. मग त्याला व्हिडिओ कॉलवर तू सांग."

मी बरं म्हणालो. साडेपाचचा गजर लावलाय. हातमोजे घालून बघितले, उजव्या हाताची बोटं नीट मिटतात.